सिरिलची फुलं

सिरिल ब्रॅडवेलनं उभ्या आयुष्यात एक बी पेरलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण वेदरली गावात आजही कुणाला विचारा, फ्रिटिलरीची फुलं म्हटलं की उत्तर तयार असतं: "ती होय? ती सिरिलची!" सिरिल जाऊन आठ वर्षं झाली. फुलं दर एप्रिलला येतात आणि नाव त्याचं निघतं. पेरणारी, निवडणारी, गोगलगायी वेचणारी बाई त्याच गावात, त्याच घरात धडधडीत जिवंत आहे. तिचं नाव थेल्मा. तेवढं ध्यानात ठेवा, कारण गावानं ठेवलेलं नाही.

थेल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सकाळी बटाटे, दुपारी भांडी, आणि मधल्या वेळात पोरांना "कोबी संपवल्याशिवाय पुडिंग नाही" म्हणून दटावणं. एका वसंतात कुणा बाईंनी वर्गाच्या खिडकीत काचेच्या बरणीत चार दांडे आणून ठेवले होते. जांभळट घंटा, खाली मान घातलेल्या, आणि पाकळ्यांवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. थेल्मा ताटं गोळा करायला आली होती. ताटं तशीच राहिली. तिनं एक घंटा बोटानं वर उचलून आत पाहिलं आणि म्हणाली, "हे कुणी रंगवलं?" पोरं हसली. ती नाही हसली, तिला खरंच कळेना.

पुढच्या शरद ऋतूत चर्चच्या माळ्यानं तिला कपभर कंद दिले. घरामागे विटांची भिंत आणि त्या भिंतीलगत जेमतेम खाट मावेल एवढी जमीन. तिथून सुरुवात झाली. मग कळलं, चौकटीवालीच एक जात नाही. हिरवी असते, चॉकलेटी असून पिवळ्या काठाची असते, जवळजवळ काळी असते. बाहेरून दोन अगदी जुळ्या बहिणी दिसतात आणि आत डोकावलं की एकीच्या तळाशी मधाचा ठिपका लांबट, दुसरीच्या गोल. ओळख सगळी आत. ती बघायची तर फूल मोडून चालत नाही, म्हणून थेल्मा ओल्या जमिनीवर आडवी व्हायची, गाल मातीला टेकवायची आणि खालून वर बघायची. शेजारच्या घरातल्या म्हातारीनं एकदा डॉक्टर बोलावला होता. पुढे शाळेत दात तपासायला येणाऱ्या माणसाकडून तिनं त्याचा जुना, दांडीचा छोटा आरसा मागून घेतला. तो फुलाखाली धरायचा आणि उभ्यानंच बघायचं.

आणि पेरणी म्हणजे काय गंमत आहे? बी ताजं हवं, वर्ष उलटलं की गेलं. बारीक खडी घातलेल्या मातीत पेरायचं, कुंडी बाहेर थंडीत ठेवायची, बर्फ पडू द्यायचा. मार्चमध्ये वर येतं ते काय, तर गवताचा एक धागा. तेवढाच. पहिलं वर्ष संपलं. दुसऱ्या वर्षी तोच धागा थोडा रुंद. जूनला सगळं पिवळं पडून नाहीसं होतं आणि उन्हाळाभर रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीला जपायचं, भिजवायचंही नाही आणि कोरडीही पडू द्यायची नाही. कंद तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढे. असं पाच-सहा वर्षं केलं की एक फूल. सिरिलनं या कामाला एकदाच हात लावला. थेल्मा आईकडे गेली होती, तर बायकोला मदत म्हणून त्यानं गवत वाढलेली एक कुंडी साफ केली. तीन वर्षांची रोपं होती ती. त्यानंतर तिनं त्याला सांगितलं, "तू फक्त गाडी चालव."

गाडी मात्र तो छान चालवायचा. सिरिल विम्याचा एजंट. देखणा, बोलघेवडा, टाय कधी वाकडा नाही. वाईट होता का? मुळीच नाही. बायकोच्या वाढदिवसाला न चुकता हातमोजे आणायचा. वेदरलीच्या फुलमंडळाच्या प्रदर्शनात तिनं पहिल्यांदा कुंडी नेली ती त्याच्याच गाडीतून. नोंदणीच्या टेबलावर मिस्टर ऑर्मरॉड होते, बँकेतले, पुढे मंडळाचे अध्यक्ष झाले ते. त्यांनी विचारलं, "सभासद कोण?" तिथं कुटुंबाचं सभासदत्व घरच्या पुरुषाच्या नावानं असायचं, त्यामुळे कार्डावर पडलं: सिरिल ब्रॅडवेल. कुंडीला पहिलं बक्षीस मिळालं. परत येताना दोघं गाडीत इतकी हसली की सिरिलला गाडी कडेला घ्यावी लागली. "अगं थेल, मला तर ते फूल वर कुठून आणि खाली कुठून तेही कळत नाही!"

पुढच्या वर्षी पुन्हा बक्षीस. तेव्हा जरा कमी हसली. तिसऱ्या वर्षी लोक सिरिलला विचारायला लागले, माती कसली, पाणी किती. सिरिल घरी येऊन थेल्माला विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी सांगायचा. मग त्यानं लॅटिन नावं पाठ केली, पोवाड्यासारखी खणखणीत म्हणायचा. मग व्याख्यानं सुरू झाली. गावोगावच्या मंडळांत सिरिल उभा राहून "मी हे बी पेरलं तेव्हा" असं सुरू करायचा आणि अंधारात प्रोजेक्टरपाशी बसून थेल्मा एकेक चित्र पुढे सरकवायची. "पुढचं, डिअर," तो म्हणायचा. ती सरकवायची. लोक टाळ्या वाजवायचे. शेवटी आभार मानताना "आणि चहाबद्दल मिसेस ब्रॅडवेल यांचे" असं म्हटलं जायचं, तेही दर वेळी नाही.

एका रविवारी, भाजलेल्या मटणावर पुदिन्याची चटणी घेत, त्याच्याच घरात, तिच्याच समोर, दुसरं कुणी नसताना सिरिल म्हणाला, "यंदा मी हिरव्या फारच छान काढल्या, नाही?" थेल्मानं काटा खाली ठेवला. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं. त्या वेळी ती काही बोलली नाही, आणि का बोलली नाही याचा राग तिला पुढे कितीतरी वर्षं पुरला.

सिरिल फेब्रुवारीत गेला, हृदयविकारानं, दोन दिवसांत. थेल्मा रडली, खरी रडली. मंडळानं त्याच्या नावानं कप ठेवला: बियांपासून वाढवलेल्या उत्तम फ्रिटिलरीसाठी 'सिरिल ब्रॅडवेल कप'. ऑर्मरॉड स्वतः घरी येऊन सांगून गेले. जाताना परसाकडे बघून म्हणाले, "आता याचं काय करणार तुम्ही? विकून टाका, मिसेस ब्रॅडवेल. सिरिलशिवाय कोण बघणार?" थेल्मानं त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि दार जरुरीपेक्षा थोडं जोरात लावलं.

पुढची दोन वर्षं ती प्रदर्शनाला गेली नाही. पण सिरिलला जाऊन दोन वर्षं झाल्यावरच्या एप्रिलात तिनं एक गोष्ट केली, जी आधी कधी केली नव्हती. पिरेनीज डोंगरांकडची काळपट जात आणि सायप्रसकडची हिरवी, दोन्ही एकाच आठवड्यात फुलल्या होत्या. तिनं शाळेतल्या मुलांच्या रंगपेटीतला सर्वांत बारीक कुंचला घेतला, काळपटीचा पराग हिरवीला लावला आणि त्या फुलावर जुन्या मोज्याच्या पातळ कापडाची पिशवी बांधली, मधमाशी शिरू नये म्हणून. बोंड भरलं. बी त्याच शरदात पेरलं. धागा आला, मग रुंद धागा, मग पान, मग दोन पानं. आणि सहाव्या वसंतात कळी.

ती उघडली त्या सकाळी थेल्मानं डोरीनला हाक मारली. डोरीन तिच्याबरोबर शाळेत पुडिंग वाढायची. तिला फुलांतलं ओ की ठो कळत नाही, पण थेल्मातलं सगळं कळतं. बाहेरून मळक्या जांभळ्या रंगाची, काठाला हिरवी किनार, आणि आरशात बघितलं तर आतून पिवळी, चकचकीत, लोण्यानं सारवल्यासारखी.

"अगं बाई," डोरीन म्हणाली. "आणि हिला वास कसला गं हा? कोल्हा मेलाय का कुठं?"

"बापाकडून आलाय तो."

"सिरिलकडून?"

"पिरेनीजकडून, वेडे!"

दोघी हसल्या. मग डोरीन गंभीर झाली. "ही तू घेऊन जायची. आणि तुझ्या नावानं. ऐकतेस ना? तुझ्या स्वतःच्या."

थेल्मानं त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं सभासदत्व घेतलं. प्रदर्शनाच्या दिवशी बादलीत वर्तमानपत्रं कोंबून त्यात कुंडी ठेवली आणि बसमध्ये बादली मांडीवर घेऊन बसली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव वरखाली होत होता.

शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडलेली. नोंदणीला ऑर्मरॉड, आता केस पूर्ण पांढरे, पण टेबल तेच. त्यांनी कुंडी बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले. हा माणूस दुष्ट नव्हता, हेच तर जास्त संतापजनक आहे. "सिरिल," ते म्हणाले. "सिरिलचं शेवटचं पेरणं!" आणि तिनं तोंड उघडायच्या आत कार्डावर लिहून टाकलं: 'कै. सिरिल ब्रॅडवेल यांनी वाढवलेली. मिसेस ब्रॅडवेल यांच्यातर्फे.'

"मिस्टर ऑर्मरॉड, ही माझी आहे," थेल्मा म्हणाली.

"अर्थातच, अर्थातच. आता तुमचीच की!"

"आता नव्हे. आधीपासून."

"हो, हो," ते मायेनं म्हणाले आणि तिच्या हातावर थोपटलं. मागे रांग लागली होती. कुणाची तरी कुंडी तिच्या पाठीला लागत होती. परीक्षण सुरू व्हायचं म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं.

चहाच्या खोलीत डोरीन सँडविच कापत होती, मंडळाला दर वर्षी मदत करायची ती. थेल्मानं सांगितल्यावर तिनं सुरी खाली ठेवली. "काय? कैलासवासी माणसानं वाढवली? थडग्यातून पाणी घालायला यायचा का तो?"

"हळू बोल."

"का म्हणून हळू? वीस-बावीस वर्षं तू हळूच बोलत आलीस! काय मिळालं? चहाबद्दल आभार!" तिनं काकडीचा एक तुकडा असा फेकला की तो भिंतीला चिकटला. "अगं, यांना वर्षं मोजता येत नाहीत का? स्वतःच सांगत फिरतात ना, सहा वर्षं लागतात म्हणून? आणि तो गेला त्याला झाली आठ! शाळेतल्या पोरांना येते ही वजाबाकी!"

थेल्मानं भिंतीवरचा तुकडा काढला.  हातातला चहाचा कप तिनं ठेवून दिला. दुःख नव्हतं ते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात तसं होतं, फक्त उशीर फार झाला होता.

व्यायामशाळेचं दार उघडलं तेव्हा यॉर्कहून आलेले परीक्षक मिस्टर टिंडल अजून तिच्या कुंडीपाशीच वाकून होते. हातात तसाच छोटा आरसा. काटेकोर, कोरडे गृहस्थ. त्यांनी वर बघितलं आणि सांगितलं की असा संकर त्यांनी आजवर पाहिलेला नाही, मधाचे ठिपके एका जातीचे आहेत आणि घंटेचा घाट दुसरीचा, आणि हिला स्वतंत्र नाव द्यायला हवं. कप हिलाच.

ऑर्मरॉड व्यासपीठावर चढले. माइक टिचकी मारून बघितला. "मित्रहो, आपल्याला ठाऊक आहे, फ्रिटिलरीला बियांपासून फुलायला पाच-सहा वर्षं लागतात. माणूस पेरतो आणि फूल बघायला उरत नाही. आपल्या सिरिलचं तसंच झालं. पण त्याची ती नजर, ते हात..."  पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. "सिरिल ब्रॅडवेल कप आज सिरिल ब्रॅडवेललाच जातो आहे! आणि या फुलाचं नाव, सर्वानुमते, 'सिरिल ब्रॅडवेल'. मिसेस ब्रॅडवेल, या, वर या. सिरिलनं हा संकर कसा घडवला, त्याबद्दल दोन शब्द."

टाळ्या. थेल्मा पायऱ्या चढली. माइक सिरिलच्या उंचीचा होता. तो खाली करायचं कुणाला सुचलं नाही, तिनं स्वतःच केला. किर्र असा आवाज झाला.

"सिरिलनं काहीच घडवलं नाही," ती म्हणाली. "सिरिल गेला त्यानंतर दोन वर्षांनी मी हा संकर केला. कुंचल्यानं. पेरलं मी. आज सहावा वसंत आहे."

रुमाल हातातच राहिले. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "बिचारी." आणि तो शब्द रांगेरांगेतून मागे गेला. ऑर्मरॉडनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला समजावत, पण माइकमध्ये ऐकू जाईल असंच, म्हणाले, "दुःखात असं होतं हो. वर्षांचा घोळ होतो. सिरिलनं बी ठेवलं असेल कुठं पुडीत, तुम्ही पेरलं असेल. म्हणजे त्याचंच ना?"

आठ वर्षं झाली होती माणसाला जाऊन! आणि ही बाई दुःखानं खुळावली म्हणे. तिनं त्यांचा हात खांद्यावरून उचलला आणि बाजूला सोडला.

"मिस्टर टिंडल," ती म्हणाली, "दोन वर्षं पुडीत ठेवलेलं फ्रिटिलरीचं बी उगवतं का?"

टिंडल खुर्चीत चुळबुळले. त्यांना भांडण नको होतं. पण प्रश्न फुलाचा होता, आणि फुलाबद्दल खोटं बोलणं त्या माणसाला जमण्यासारखं नव्हतं. "उगवणं कठीण आहे," ते म्हणाले. मग आरसा खिशात ठेवून म्हणाले, "नाही उगवत."

"आणि मी अजून एक सांगते," थेल्मा म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, शाळेच्या जेवणघरात चढायचा तसा. "यंदाचीच नव्हे. सगळीच माझी. तुमच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे ना बक्षिसांची, त्यातली प्रत्येक कुंडी माझी. सिरिल भला माणूस होता. त्याला या फुलांचा वाससुद्धा सोसवत नव्हता. मी प्रोजेक्टरपाशी बसायची तेव्हा तुम्ही सगळे होतात. एकानं तरी कधी विचारलं, बाई, तुम्ही यात काय करता? एकानं तरी?"

पुढच्या रांगेतले रुमाल पर्समध्ये गेले. मागच्या रांगेत एक खुर्ची वाजली. चहाच्या खोलीच्या दारात डोरीन हातात ओलं फडकं घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

ऑर्मरॉडनी घसा साफ केला. ते दुखावले होते, पण सभ्य होते, नियमानं चालणारे. नवीन फुलाचं नाव ठरवायचा हक्क वाढवणाऱ्याचा असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी खिशातून पेन काढलं, ते सकाळचं कार्ड उलटं केलं आणि ताठ आवाजात म्हणाले, "ठीक आहे, मिसेस ब्रॅडवेल. वाढवणाऱ्या तुम्ही. मग या फुलाचं नाव काय लिहू?"

"थेल्मा."

ऑर्मरॉडनी पेन टेकवलं आणि थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे, काही लपवाछपवी नाही.

"थेल्मा कोण?"

तिच्या हातचा केक बावीस वर्षं खाल्लेला माणूस. तिच्या नवऱ्याची शवपेटी खांद्यावर घेतलेला माणूस. डोरीनच्या तोंडून एक शब्द निघाला, जो शाळेच्या स्वयंपाकघरातही चालत नसे. सभागृहात कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि त्यांच्यापैकीही कितीजणींना ते ठाऊक होतं कोण जाणे.

थेल्माचे डोळे भरून आले, आणि आले याचाच तिला इतका राग आला की ते तिथंच थांबले. ती माइकपासून दूर झाली, ऑर्मरॉडच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "मी थेल्मा. लिहा."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. शेवटचं अक्षर उमटेपर्यंत ती तिथून हलली नाही.